दोन प्रतींचा मेळ

पंचांगांतील मतभेद महाराष्ट्रास नवीन नाहींत. रूढ पंचांग मानणारीं आणि टिळक पंचांग मानणारीं घरें कोंकणांत शेजारीं शेजारीं नांदतात, आणि कधीं कधीं अधिक मास निराळा पडल्यामुळें दोहोंच्या सणांत महिन्याचें अंतर पडतें. तो वाद गणिताचा. प्रस्तुत लेखाचा विषय जो मेळ, तो गणिताचा नसून नकलेचा आहे. एकाच मनुष्याची दिनचर्या दोन ठिकाणीं लिहिलेली असतां त्या दोन लेखांत फरक पडूं नये, यासाठीं गेल्या तीस वर्षांत जी खटपट झाली, तिचा इतिहास वाटतो तितका रुक्ष नाहीं.

इ. स. १९९६ च्या मार्चांत अमेरिकेंत ‘पायलट’ नांवाचें खिशांत मावणारें यंत्र विक्रीस आलें. त्याचा कल्पक जेफ हॉकिन्स यानें यंत्र सिद्ध होण्यापूर्वीं तेवढ्याच आकाराचा लांकडाचा ठोकळा खिशांत बाळगला होता, आणि भेटीची वेळ ठरवितांना तो बाहेर काढून त्यावर लिहिल्याचा अभिनय तो करीत असे, ही गोष्ट त्या धंद्यांत प्रसिद्ध आहे. परंतु आमच्या मतें पायलटचें मर्म त्याच्या आकारांत नसून त्याच्या बैठकींत होतें. ही बैठक तारेनें संगणकास जोडलेली असे. यंत्र तींत उभें करून एक कळ दाबली कीं दोन्हीकडील नोंदी परस्परांशीं ताडून पाहिल्या जात. प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक असे, आणि मागील मेळानंतर तींत फेरफार झाला असल्यास तिच्यावर तशी खूण राही. त्यामुळें सारी वही चाळावी न लागतां खुणेच्या नोंदींचीच देवघेव होई. एकच नोंद दोन्हीकडे निरनिराळ्या रीतीनें बदललेली आढळली, तर यंत्र न्यायनिवाड्याच्या भरीस न पडतां दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवी. मालकास थोडा त्रास होई खरा. पण आपल्या कागदांत कोणी परस्पर खाडाखोड केली, असें म्हणण्याची पाळी त्याजवर येत नसे.

तार गेली म्हणजे अडचण संपली, असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाहीं. तारेपेक्षां मोठी अडचण भाषेची होती. एका कंपनीचें यंत्र ‘भेट’ ज्या रीतीनें लिही, ती दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास कळत नसे. १९९८ च्या नोव्हेंबरांत लोटस कंपनीचे फ्रँक डॉसन व मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांच्या नांवें ‘आयकॅलेंडर’ हा लेखनप्रकार प्रसिद्ध झाला, आणि भेटीचा आरंभ, शेवट, पुनरावृत्ति व कायमची ओळखखूण साध्या अक्षरांत कशीं लिहावीं, हें ठरलें. पुढें २००० सालीं नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम, पाम वगैरे मंडळींनीं एकत्र येऊन ‘सिंकएमएल’ नांवाची देवघेवीची रीत काढली. ती चालली, पण मेळ ही दोन समान प्रतींमधील तडजोड आहे, हा जुना विचार तिनें सोडला नाहीं.

तो विचार सुटला २००७ च्या मार्चांत. त्या महिन्यांत ‘कॅलडॅव्ह’ ही पद्धति प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांत ॲपलचे सायरस डाबू, ओरॅकलचे बर्नार्ड देर्युसो व लिसा ड्युसॉ हे होते. या पद्धतींत मूळ लेख दूरच्या सर्व्हरवर राहतो, आणि खिशांतील फोनांत त्याची नक्कल असते. प्रत्येक नोंदीवर सर्व्हर एक खूणचिठ्ठी लावतो. फोन आपला फेरफार पाठवितांना ‘माझ्यापाशीं अमुक चिठ्ठीची नक्कल होती’ असें सांगतो. दरम्यान दुसऱ्या कोणीं नोंद बदलली असल्यास चिठ्ठी जुळत नाहीं आणि फेरफार नाकारला जातो. व्यवस्था चोख आहे, यांत शंका नाहीं. परंतु पायलटच्या काळीं अस्सल प्रत कोणती या प्रश्नास ‘दोन्ही’ असें उत्तर होतें, आणि दोन्ही मालकाच्या घरांतच असत. आतां अस्सल प्रत परक्याच्या घरीं गेली. तारेच्या जांचांतून सुटण्याची ही किंमत होय, आणि ती देतांना फारशी घासाघीस कोणी केली नाहीं.

घासाघीस न केल्याचे परिणामही दिसले. २००८ च्या जुलैंत ॲपलनें ‘मोबाइलमी’ नांवाची सेवा काढली. फेरफार तत्काळ सर्वत्र पोंचेल अशी तिची जाहिरात होती. संगणकावर केलेला बदल पोंचावयास मात्र कधीं कधीं पाव तास लागे. अखेर कंपनीस क्षमा मागून ती भाषा आवरती घ्यावी लागली. गूगलनें २००९ च्या फेब्रुवारींत आयफोनकरितां सुरू केलेली ‘गूगल सिंक’ची सोय ३० जानेवारी २०१३ पासून फुकट वापरणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांस बंद केली आणि कॅलडॅव्हचा रस्ता दाखविला. रस्ता होता म्हणून ठीक. सर्वांस खुली अशी लेखनपद्धति आधींच ठरलेली नसती, तर दिनचर्येची वाट काय झाली असती?

दोन प्रती अक्षरशः एक असूनही भेट चुकूं शकते, हें विशेष. अमेरिकेंत उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करण्याची चाल आहे. २००५ च्या कायद्यान्वयें हा काल २००७ पासून वाढविण्यांत आला, आणि ११ मार्चपासून १ एप्रिलपर्यंतच्या तीन आठवड्यांत, ज्या यंत्रांत नवा नियम भरलेला नव्हता, त्यांनीं भेटी एक तास सरकवून दाखविल्या. पुण्यांतील आई दर रविवारीं रात्रीं ९ वाजतां न्यू जर्सींतील मुलाशीं बोलते. तिची वेळ बदलत नाहीं, पण मुलाकडे तीच वेळ हिवाळ्यांत सकाळचे १०-३० व उन्हाळ्यांत ११-३० होते. म्हणून नुसता तास लिहून भागत नाहीं, तो कोणत्या गांवच्या घड्याळाचा हेंही नोंदींत लिहावें लागतें.

जगांतील अशा गांवांची एक यादी असते, आणि बहुतेक फोन तिच्यावरच विसंबून असतात. तींत भारताची नोंद कोलकात्याच्या नांवें आहे; मुंबईस निराळें नांव नाहीं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, परंतु तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली मुंबई वेळ मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें पुढें बरीच वर्षें सोडली नाहीं. १९३० सालची मुंबईची एखादी वेळ कोणीं आज फोनांत नोंदविली, तर ती प्रमाणवेळच धरली जाते. म्युनिसिपालिटीच्या घड्याळाचीं तीं ३९ मिनिटें तींत कोठेंच सांपडत नाहींत.