चूल, खण आणि वाटणी

महाराष्ट्रातील एकत्र कुटुंबाचा विचार करताना एका घरात राहणे, एका चुलीवरचे जेवणे आणि मिळकत एकत्र ठेवणे या तीन गोष्टी बहुधा एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या निरनिराळ्या आहेत आणि त्या एकाच वेळी सुटल्या असे क्वचितच घडले. बहुतेक घराण्यांत आधी चूल वेगळी झाली, मग मिळकत वाटली गेली, आणि छप्पर मात्र पुष्कळदा अखेरपर्यंत सामाईक राहिले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात घर, स्वयंपाक, मिळकत आणि उपासना या चारही गोष्टी सामाईक असणे हे एकत्र कुटुंबाचे लक्षण मानले. परंतु यांतील एखादे लक्षण गळालेली कुटुंबेच प्रत्यक्षात अधिक आढळतात.

या संस्थेचा शास्त्राधार म्हणून ज्या 'मिताक्षरा' ग्रंथाचे नाव घेतले जाते, ती याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची टीका असून ती कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात रचली गेली. मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा सहभागीदार होतो, हे तिचे मुख्य तत्त्व. त्यामुळे घरात पुत्रजन्म झाला की प्रत्येकाचा संभाव्य हिस्सा घटे आणि मृत्यू झाला की वाढे. उत्तर कोकण, मुंबई आणि गुजरात या भागांत मात्र सतराव्या शतकातील नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूखा'स अग्रमान मिळाला. शास्त्रकारांना विभक्त होणे निषिद्ध वाटत असे, हा समज खरा नाही. भावांनी वेगळे राहिल्यास प्रत्येक घरी स्वतंत्र धर्मकृत्ये होतात व धर्म वाढतो, असे मनुस्मृतीच नवव्या अध्यायात सांगते, आणि बृहस्पतीच्या मते 'एकपाकाने', म्हणजे एकाच स्वयंपाकावर, राहणाऱ्यांचे देवपितृकार्य एक असते, विभक्तांचे घरोघरी होते. मराठीतही 'चूल वेगळी मांडणे' हाच वाटणीचा पर्याय ठरला. ('चुलत' हे नाते मात्र या चुलीवरून आलेले नाही, त्याचे मूळ 'क्षुल्लतात', म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, या शब्दात आहे.)

वाड्याची बांधणी या व्यवस्थेस सोयीची होती. दिंडी दरवाजातून आत गेल्यावर पहिल्या चौकाभोवती ओसरी, सोपा व कचेरी असे, आणि त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठार, बाळंतिणीची खोली व परसदार असा स्त्रियांचा भाग असे. घराचे माप खोल्यांत नव्हे, तर खणांत सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. त्यामुळे भिंत न पाडताही वाड्याची वाटणी करता येई: अमुक खण थोरल्याचे, अमुक धाकट्याचे, आणि चौक, विहीर, जिना व देवघर सामाईक. एकाच माजघरात कुड घालून दोन स्वयंपाकघरे निघत आणि विहिरीवर कोणी कधी पाणी भरावे यावरून भांडण होई.

वतनदार घराण्यांत आणखी एक अडचण होती. पाटीलकी, कुलकर्ण किंवा देशमुखी हे वतन म्हणजे वंशपरंपरागत अधिकार व त्याचे उत्पन्न; त्याच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडत, पण मान वाटता येत नसे. म्हणून 'वडीलकी' थोरल्या पातीकडे, म्हणजे शाखेकडे, राही, आणि होळीच्या पोळीचा किंवा पोळ्याच्या बैलाचा अग्रमान कोणाचा, यावर पिढ्यान्पिढ्या तंटे चालत. १८७४ च्या वतन कायद्याने प्रत्यक्ष काम करणारा प्रतिनिधी ठरवण्याची पद्धत घालून दिली. तोपर्यंत पाळीपाळीने काम करणे हा सर्वमान्य तोडगा होता.

स्त्रियांच्या दृष्टीने हा इतिहास इतका सौम्य नाही. मिताक्षरा कुटुंबात विधवेस वाटणी मागण्याचा अधिकार नव्हता. तिच्या वाट्याला अन्नवस्त्र येई आणि तेही दिरांच्या मर्जीवर. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत पुण्याच्या घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांच्या शिक्षणास केलेला विरोध नोंदवला आहे. घरचा कर्ता, म्हणजे त्यांचे पती, न्यायाधीश असूनही माजघरावर त्याचा हुकूम चालत नव्हता. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने विधवेस हयातीपुरता हक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ साली, कायदा लागू होताना अविवाहित असलेल्या मुलींना सहभागीदार केले, आणि मुलींना सहभागीदार करणारी केंद्राची दुरुस्ती २००५ साली आली.

कुटुंब फुटण्याचे खापर इंग्रजी शिक्षणावर फोडले जाते, ते अर्धेच खरे आहे. कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या वकिलाची कमाई सामाईक की स्वतःची, हा वाद न्यायालयांत दीर्घकाळ गाजला आणि मुकुंदराव जयकर यांनी मांडलेल्या १९३० च्या विद्याधन कायद्याने तो कमावणाऱ्याच्या बाजूने मिटला. न्यायालयांनी आणखी एक भेद रूढ केला: वेगळी चूल हा एवढ्यानेच विभक्तीचा पुरावा ठरत नाही, उलट सहभागीदाराने विभक्त होण्याचा स्पष्ट इरादा कळवल्यास एकत्र जेवूनही तो विभक्त होतो. शिवाय चाळीस-पन्नास माणसांचे घर हे सार्वत्रिक चित्र कधीच नव्हते. शिरगणतीत दरघरी माणसांची सरासरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचाच्या आसपासच आढळते. मोठे कुटुंब जमीन, वतन किंवा पेढी असणाऱ्यांना परवडे.

वाडे मोडले ते वेगळ्या कारणांनी. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण कुटुंबांनी गाव सोडले. कुळकायदा व वतने रद्द करणारे कायदे यांनी उत्पन्न आटले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. आणि भाडेनियंत्रणाखाली जुन्या दराने भाडेकरू राहत असलेल्या वाड्यांची दुरुस्ती मालकांनी सोडून दिली. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत चुलतभावांना अनेकदा शेजारशेजारचे फ्लॅट मिळाले.

कोकणात मूळ घर पुष्कळ ठिकाणी अजून अविभक्त आहे. कागदावर अनेक हिस्सेदारांची नावे असतात, वर्षभर दाराला कुलूप असते, आणि भाद्रपदात गणपती मात्र त्याच घरात येतो. मुंबई-पुण्याहून जमलेल्या सर्व पातींचा स्वयंपाक त्या दिवसांत एकाच चुलीवर होतो.