कळफलक-पेटी

संगणकाच्या कळफलकावरील बटणे दाबून प्रोग्रॅमकरवी स्वर वाजवण्याची पद्धत. मधल्या ओळीतील ‘ए’ ते ‘जे’ ही सात बटणे सा ते नी, ‘के’ तार सा. वरच्या ओळीतील डब्ल्यू, ई, टी, वाय, यू कोमल-तीव्र स्वरांसाठी. पेटी वाजवणाऱ्याची बोटे या मांडणीवर लगेच बसतात. सा पांढरी एकवरून काळी एकवर न्यायचा, तर प्रोग्रॅममधला एकच आकडा बदलतो. बोटे जागची हलत नाहीत.

प्रोग्रॅमला बटण दाबल्याची आणि सुटल्याची खबर मिळते. दाबून धरलेल्या बटणाची खबर मात्र संगणक पुन्हापुन्हा देत राहतो. ती गाळली नाही, तर एकच सूर तुटत तुटत वाजतो. सूर एकदम तोडला की ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून तो ५ ते १० मिलिसेकंदांत उतरवतात.

मराठी टंकणाऱ्यांना आणखी एक अडचण हमखास भेटते. १९८६ साली प्रमाणित झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रातून रुजवलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ या कळफलक-मांडणीत ‘के’वर क, ‘जे’वर र, ‘एच’वर प असतो. प्रोग्रॅम अक्षर पाहून सूर ठरवत असेल, तर मराठी चालू असताना पेटी मुकी होते. अक्षर नव्हे, बटणाची जागा विचारावी; प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालत असेल, तर ब्राउझर दोन्ही वेगवेगळे सांगतो.

सर्वांत मोलाची निवड कंपनसंख्येची. सप्तकाचे बारा समान भाग केले, तर सा २४० असताना शुद्ध ग ३०२.४ येतो, तंबोऱ्यातून उमटणारा ग ३०० चा. हा फरक कानाला बोचतो. अशा नैसर्गिक स्वरांची मापे मांडणारे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यातच प्रसिद्ध झाले. ती मापे वाजवून दाखवायला तेव्हा निराळी श्रुतिपेटी घडवावी लागली. प्रोग्रॅममध्ये गंधारापुढे ५/४ लिहिले की तो जागेवर येतो.

पेटीतून मींड निघत नाही, हा जुना आक्षेप. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदीच घातली. कळफलक-पेटीत मात्र पहिले बटण सुटण्याआधी दुसरे दाबले, तर कंपनसंख्या घसरत नेता येते. उणीव आहे ती भात्याची. साध्या बटणाला बोटाचा जोर कळत नाही. डाव्या हाती माउस देऊन त्याच्या मागेपुढे सरकण्याला आवाजाची पातळी जोडली, तर सुरात पुन्हा श्वास भरता येतो.