कॉलेजचा ईमेल नेमका कुणाचा?

बीड, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश घ्या, आजकाल बहुतेक ठिकाणी कॉलेजच्या नावाचा ईमेल आयडी मिळतो. मुलं तो मोबाईलमध्ये टाकतात आणि पुढे त्याचा विचार करत नाहीत. पण तोच आयडी लॅपटॉपवर थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये टाकायला गेलात आणि माहिती हाताने भरायची वेळ आली, की एक फॉर्म उघडतो. इनकमिंग सर्व्हर कोणता? पॉप की आयमॅप? आउटगोइंग सर्व्हर? पोर्ट किती? गावाकडच्या मुलांचे याच फॉर्मसाठी मला फोन येतात. मी त्यांना सांगतो, हा फॉर्म सातबाऱ्यासारखा वाच. प्रत्येक रकान्यामागे जुनी नोंद आहे आणि सगळा प्रश्न ताबा कुणाचा एवढाच आहे.

सगळ्यात जुना रकाना आउटगोइंगचा. मेल पाठवण्याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढला. त्याचा पोर्ट २५. तेव्हा विद्यापीठात एक मोठा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असायचा, मेल त्यावरच यायचा आणि लोक टर्मिनलवर बसून तिथेच वाचायचे. मग टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर आले. ते रात्री बंद व्हायचे. बंद मशीनवर आलेला मेल घेणार कोण?

याला दोन उत्तरं निघाली. पहिलं १९८४ चं, पॉप. पूर्ण नाव पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, आणि काम नावासारखंच. मोठं मशीन तुमची पत्रं सांभाळणार, तुम्ही यायचं आणि घेऊन जायचं. आज चालतं ते तिसरं रूप १९८८ पासूनचं, पोर्ट ११०. दुसरं उत्तर १९८६ चं. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप तयार केलं. त्यात पत्रं मोठ्या मशीनवरच राहतात, तुम्ही कुठूनही डोकावून वाचायची. थोडक्यात, पॉपमध्ये पत्र तुमच्या घरी येतं, आयमॅपमध्ये ते सर्व्हरच्या घरी राहतं.

हे प्रोग्राम कॉलेजच्या खात्यांसाठीच वाढले. १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात काम करणाऱ्या स्टीव्ह डॉर्नर यांनी मॅकिंतॉशसाठी युडोरा लिहिला. पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या मुलीची एक गोष्ट लेखिका युडोरा वेल्टी यांनी लिहिली होती, म्हणून प्रोग्रामला त्यांचं नाव. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या विद्यार्थ्यांनी पहिला मेल यातच वाचला.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट सुरू केलं. त्यात आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग. महाराष्ट्रातल्या दोन्ही मुंबईत. १९८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात टेलिफोन लाइनवरून मेल जाऊ लागला. मराठवाड्यातलं एकही कॉलेज त्या यादीत नव्हतं. जिल्ह्यांपर्यंत आधी सरकारी जाळं आलं. एनआयसीच्या निकनेटने उपग्रहाच्या छत्र्या लावून जिल्ह्यांची मुख्यालयं जोडली.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण मोठ्या शहरांत. तुमच्या गावात केंद्र नसेल तर एसटीडी लावून जोडायचं. मिनिटाला मीटर पडायचं. अशा वेळी डेस्कटॉप प्रोग्राम ही सोय नव्हती, गरज होती. फोन न लावता उत्तरं लिहून ठेवायची, मोडेम जोडायचा, आलेली पत्रं उतरवायची, लिहिलेली पाठवायची आणि फोन ठेवायचा. वाचायचं नंतर, निवांत.

४ जुलै १९९६ ला हॉटमेल आलं, १ एप्रिल २००४ ला एक जीबी जागा देणारं जीमेल. मेल ब्राउझरमध्ये गेला, तिथून मोबाईलमध्ये. आमच्या पिढीला तो तिथेच भेटला, त्यामुळे पत्र कुठे राहतं हा प्रश्नच पडला नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी कॉलेजांनी भराभर आयडी वाटले, तेव्हाही नाही.

प्रश्न पडतो पदवीनंतर. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला जायचे. घरातला तो पहिला इंजिनिअर. निकालानंतर काही महिन्यांनी त्याचं कॉलेजचं खातं बंद झालं. इंटर्नशिपचं पत्र, प्रोजेक्टच्या फाइली, सरांनी लिहिलेली शिफारस, सगळं त्यात. गिटहबचं लॉगिनही त्याच आयडीवर. पुण्यात मुलाखतीला दाखवायला हातात काही उरलं नाही. कॉलेजने नियम मोडला नव्हता, खातं कॉलेजचंच होतं. जागाही आता मोजकी आहे. पूर्वी अमर्याद असलेली जागा गूगलने जुलै २०२२ पासून मर्यादित केली. अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी. मग जुनी खाती आधी नजरेत येतात.

म्हणून हा जुनाट वाटणारा प्रोग्राम शेवटच्या सेमिस्टरच्या आधी लावा. नुसता पासवर्ड टाकून आता बहुधा भागत नाही. २०२२ पासून गूगल आणि मायक्रोसॉफ्टने तो रस्ता बंद करत आणलाय. थंडरबर्ड लॉगिनची वेगळी खिडकी उघडेल, तिथून आत जा. तरी जमलं नाही तर कॉलेजच्या ॲडमिनने बाहेरच्या प्रोग्रामला परवानगी दिली नसेल. त्यांना भेटा, रीतसर अर्ज द्या.

आयमॅप लावलं म्हणजे काम झालं असं समजू नका. तो सर्व्हरचा आरसा आहे, तिथलं पुसलं की इथलंही पुसलं जाऊ शकतं. हवे ते मेल निवडून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. जिथे जिथे कॉलेजच्या आयडीने लॉगिन केलंय, तिथे स्वतःचा आयडी जोडा. एका संध्याकाळचं काम आहे. तेवढं झालं की कॉलेजने खातं कधीही बंद करू दे, तुमची पत्रं तुमच्या घरी आलेली असतील.