पदकामागची पदवी

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालो की वाटेत गोदावरीच्या काठी शहागड लागते. पूल ओलांडला की जालना जिल्ह्याचा अंबड तालुका मागे पडतो आणि बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका सुरू होतो. जिल्हा बदलला तरी विद्यापीठ मात्र बदलत नाही. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची महाविद्यालये एकाच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून ते स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. या दोन्ही काठांवरची मुले कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि धावण्याच्या शर्यतींत नाव काढतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात त्यांच्या ढाली आणि चषक काचेच्या कपाटात मांडलेले असतात. पण ते चषक जिंकणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांच्या हाती पदवी पडली, हे ते कपाट सांगत नाही. आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत.

महाविद्यालय आणि खेळाडू यांच्या नात्याची आपल्याकडची सर्वांत हृद्य गोष्ट कोल्हापूरची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. गावाने वर्गणी जमवली. त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडल्याचीही आठवण सांगितली जाते. पुढे पोलीस खात्यात नोकरी मिळायला मात्र १९५५ साल उजाडले.

या गोष्टीतला प्राचार्यांचा मोठेपणा आपण नेहमी सांगतो आणि तो सांगायलाच हवा. पण इतिहास म्हणून पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. खेळाडू विद्यार्थ्याच्या पाठीशी उभी राहिली ती एक व्यक्ती. तशी व्यवस्था नव्हती. दर गावाला खर्डेकर कुठून मिळणार?

विद्यापीठांचे खेळ मात्र त्याआधीच सुरू झाले होते. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. १९३५ साली रोहिंटन बारिया चषकासाठी विद्यापीठांच्या क्रिकेट स्पर्धा सुरू झाल्या. १९७३ साली मंडळाचे नाव भारतीय विद्यापीठ संघ झाले. मुंबईत या खेळाला एक भक्कम आधार होता. रुईयाचे अजित वाडेकर, सेंट झेवियर्सचे सुनील गावसकर, पोदारचे दिलीप वेंगसरकर ही मंडळी महाविद्यालयीन मैदानांवरूनच पुढे आली. क्रिकेटमध्ये तेव्हा पैसा नव्हता, त्यामुळे नोकरी हवीच. वाडेकर स्टेट बँकेत होते. खेळाडूला सामावून घेणाऱ्या बँका आणि कंपन्या शहरात होत्या. अशा नोकरीत पदवीला मोल होते, म्हणून शहरातला खेळाडू परीक्षेचे पुस्तक निदान उघडत तरी असे. ग्रामीण भागातल्या कबड्डीपटूला किंवा मल्लाला असा आधार कुठे होता?

आता पात्रतेच्या नियमांकडे वळू. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायचे तर खेळाडू हा त्या विद्यापीठाचा रीतसर प्रवेश घेतलेला विद्यार्थी हवा, अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा हवा आणि वय ठरलेल्या मर्यादेत हवे. पात्रतेच्या अर्जावर महाविद्यालयाची व विद्यापीठाची सही-शिक्का लागतो. हे नियम का आले, हे उघड आहे. बाहेरचा तयार खेळाडू आणून त्याला विद्यार्थी म्हणून उभे करू नये, हा त्यांचा हेतू. पण या नियमांचा सारा भर प्रवेशावर आहे, प्रगतीवर नाही. मुलगा वर्गात नाव नोंदवून आहे का, एवढेच ते विचारतात. तो शिकतो आहे का, पुढे सरकतो आहे का, याला त्यांच्यात फारसे स्थान नाही.

त्यातून एक रीत पडली, ती क्रीडाशिक्षकांना चांगली ठाऊक आहे. एका अभ्यासक्रमात विषय राहिले तर दुसऱ्यात नाव घालायचे आणि वय असेतो मैदानावर राहायचे. यात मुलाला दोष देणे सोपे आहे. पण हिवाळ्यात विद्यापीठाच्या स्पर्धा, त्याच सुमारास सत्र परीक्षा. सकाळी सराव, दुपारी शेतातले काम. त्यात हजेरीची अट. या सगळ्यात पहिला बळी पुस्तकाचा जातो.

हाच प्रश्न अमेरिकेला आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर भेडसावला. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉल हा कोट्यवधी डॉलरचा धंदा आहे. या खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना १९०६ साली उभी राहिली. १९६५ साली तिने नियम केला की, पहिल्या वर्षी ४ पैकी किमान १.६ गुणांक मिळेल असा अंदाज असलेल्यालाच खेळाची शिष्यवृत्ती द्यावी. १९७३ साली तो रद्द झाला आणि दारे सताड उघडली. मग १९८३ मध्ये नवा ठराव आला व १९८६ पासून लागू झाला. शाळेतल्या ११ मुख्य विषयांत २.० गुणांक आणि प्रवेश चाचणीत १६०० पैकी ७०० गुण हवेत, नाहीतर पहिल्या वर्षी खेळायचे नाही.

यावर मोठे वादळ उठले. गरीब वस्तीतल्या शाळांत शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलांवर ही चाचणी अन्याय करते, असा आक्षेप होता. नियम आणखी कडक करण्याचे ठरले तेव्हा, जानेवारी १९८९ मध्ये, जॉर्जटाऊन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्याआधीच मैदान सोडून निघून गेले. योगायोग असा की, त्याच वर्षी डेक्स्टर मॅन्ली या नामवंत फुटबॉलपटूने सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, आपण विद्यापीठात चार वर्षे काढली, पण आपल्याला धड वाचता येत नव्हते. एकाच वर्षात प्रश्नाच्या दोन्ही बाजू जगापुढे आल्या. दार बंद केले तर गरिबाचे पोर बाहेर राहते. दार नुसतेच उघडे ठेवले तर ते आत येऊन रिकाम्या हाताने परत जाते.

मग १९९० साली अमेरिकेने कायदाच केला. खेळाची शिष्यवृत्ती घेतलेल्यांपैकी सहा वर्षांत किती जणांनी पदवी पूर्ण केली, हा आकडा प्रत्येक महाविद्यालयाने जाहीर करायचा. पुढे संघटनेने २००४ च्या सुमारास प्रत्येक संघाच्या शैक्षणिक प्रगतीची मोजणी सुरू केली. संघातली मुले अभ्यासात टिकली नाहीत, तर दंड खेळाडूला एकट्याला नव्हे, महाविद्यालयालाही. गेल्या काही वर्षांत संघटनेने जाहीर केलेले पदवीचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारी पद्धतीने काढलेला आकडा त्याहून बराच कमी येतो, कारण महाविद्यालय सोडून दुसरीकडे गेलेला विद्यार्थी त्या हिशेबात नापासासारखा धरला जातो. आकडा ऐकला की तो कसा मोजला, हेही विचारावे लागते.

आणि मोजणी आली की पळवाटही येते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी १८ वर्षे नावापुरते वर्ग चालत होते. तास नाही, शिक्षक नाही. एक निबंध दिला की गुण मिळत. त्याचा लाभ ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते, असे २०१४ च्या चौकशीत उघड झाले. ती मुले कागदावर पात्र ठरली. शिकली किती, हा प्रश्न तसाच राहिला.

आता पुन्हा आपल्या गोदाकाठी येऊ. आपल्याकडे खेळाडूंसाठी काहीच नाही असे मुळीच नाही. शालान्त परीक्षांत क्रीडागुणांची सवलत आहे. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. २००५ साली त्याचे सविस्तर नियम झाले. पण बारकाईने पाहा. आरक्षण असले तरी त्या पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता हवीच. वरच्या बहुतेक पदांना पदवी लागते. म्हणजे मैदानावर मिळवलेले प्रमाणपत्र वापरायचे, तर हातात दुसरेही प्रमाणपत्र लागते. राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेला पण पदवी अर्धी राहिलेला मुलगा त्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो.

याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. तिथे त्याच्यातला धावपटू घडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिसला अंतिम फेरी. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण प्रत्येक धावपटू अविनाश होत नाही. ज्याचा गुडघा बाविसाव्या वर्षी दुखावतो, त्याचे काय? जालना आणि बीडमधून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्या घरातल्या मुलाला खेळाने कोयत्यापासून दूर नेले, आणि पदवी नसल्याने तो पुन्हा कोयत्याकडेच परतला, तर त्या चषकाचा उपयोग काय?

नव्या शैक्षणिक धोरणाने एक वाट उघडली आहे. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. शिक्षण मध्येच थांबवून मिळवलेले श्रेयांक जपून ठेवायचे आणि पुढे परत येऊन पदवी पूर्ण करायची, अशी त्यात सोय आहे. खेळाडूच्या आयुष्याला ती साजेशी आहे. मात्र सोय असणे आणि ती त्या मुलापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. ते अंतर महाविद्यालयातल्या कुणीतरी हाताला धरून पार करून द्यावे लागते.

एक काम मात्र कायद्याची वाट न पाहताही करता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या चषकांच्या कपाटाशेजारी एक फलक लावावा. पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्या संघातून खेळलेल्या मुलामुलींपैकी किती जणांची पदवी पूर्ण झाली, एवढेच त्यावर लिहावे. नावे नकोत, संख्या पुरे. ती संख्या लहान निघाली तर थोडे ओशाळवाणे वाटेल. पण मग कुणीतरी क्रीडाशिक्षक परीक्षेच्या आदल्या महिन्यात सरावाचा एक तास कमी करील, कुणी प्राध्यापक राहिलेल्या विषयाची शिकवणी घेईल. त्यासाठी कुणाला घर गहाण टाकावे लागणार नाही.