बोलावणे आणि साक्ष

आपल्या चळवळीचा इतिहास आपण तळ्यांचा, मंदिरांचा आणि परिषदांचा लिहिला. महाड, काळाराम, येवले, नागपूर ही त्या इतिहासाची गावे. ते योग्यच झाले. परंतु त्याच काळात बंद खोलीतील टेबलाभोवतीही अस्पृश्यांच्या जिण्याचे निर्णय होत होते आणि तिकडे आपल्या लेखकांचे लक्ष फारसे गेले नाही. विधेयक सभागृहात येते तेव्हा भाषणे होतात, वर्तमानपत्रे ती छापतात. विधेयकाचे तत्त्व मान्य झाले की ते प्रवर समितीकडे जाते आणि तेथे कलमाकलमाची चिरफाड सुरू होते. 'करील' या शब्दाच्या जागी 'करू शकेल' येते. 'ताबडतोब'च्या जागी 'सरकार ठरवील त्या तारखेपासून' येते. तेथे टाळ्या नाहीत, गॅलरी नाही. तेथे साक्षी होतात, पण कोणाला बोलवायचे हे समितीच ठरवते.

हा 'बोलावणे' शब्द आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. गावकीत महाराचे ते कामच होते. पाटलाचा सांगावा पोचवणे, साऱ्यासाठी कुणब्याला चावडीवर आणणे, परगावी मयताची खबर देणे. जन्मभर दुसऱ्याला बोलावणाऱ्या या माणसाला कायदा करणारांनी कधी बोलावले? बुलढाणा जिल्ह्यापुरता हा प्रश्न विचारला तर बरेच काही हाती लागते.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. मतदानाचा हक्क कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली. तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ रोजी डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, वय सत्तावीस. विठ्ठल रामजी शिंदे यांचीही साक्ष या समितीपुढे झाली. अस्पृश्यांच्या बाजूने इतरांनी बोलणे आणि अस्पृश्याने स्वतः बोलणे यांतला फरक त्या दिवसापासून आपल्या राजकारणात ठाण मांडून बसला. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, ही बाबासाहेबांची मागणी होती. पदरात पडली ती नेमणूक. सरकारने निवडलेला माणूस कौन्सिलात बसवायचा आणि त्याला अस्पृश्यांचा आवाज म्हणायचे!

अशाच नेमणुकीने १९२७ साली बाबासाहेब मुंबई कौन्सिलात गेले आणि १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. हेच ते महार वतन विधेयक. ३ ऑगस्टला पहिल्या वाचनाच्या वेळी त्यांनी केलेले भाषण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. त्यात शिव्याशाप नाहीत, हिशेब आहे. वतनदार महार हा सरकारचा नोकर; पण त्याचा पगार सरकार देत नाही, तो रयतेच्या मर्जीवर आणि बलुत्यावर सोडलेला. त्याच्या कामाला वेळ नाही, खाते नाही. कोणत्याही खात्याच्या अंमलदाराने हाक मारावी आणि त्याने धावावे. तो घरी नसला तर घरातले दुसरे माणूस कामाला धरले जाई. एकाच्या नावाची नोकरी सगळ्या घराच्या मानेवर. विधेयकाने मागितले ते एवढेच: बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर व्हावे, ज्याला नोकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी आणि सुटता यावे, आणि महाराची कामे कोणती ते लिहून ठेवावे.

तत्त्वाला उघड विरोध करणे कठीण होते. विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि तेथे महसूल खात्याच्या तिजोरीचा प्रश्न माणुसकीच्या प्रश्नापेक्षा जड ठरला. महार सुटले तर त्यांचे काम पगार देऊन कोणाकडून तरी करून घ्यावे लागेल, ही खरी अडचण. जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते विधेयक परत घेतले. भर सभागृहात पडलेल्या विधेयकाची निदान बातमी होते. समितीत वाळलेल्या विधेयकाचे सुतकही कोणी पाळत नाही.

आता नकाशाकडे वळू. हे विधेयक मंजूर झाले असते तरी ते मलकापूरच्या अलीकडेच थांबले असते. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर भुसावळ मागे पडले की थोड्याच वेळात बुलढाणा जिल्हा लागतो. बोदवडचा महार मुंबई इलाख्यात, मलकापूरचा महार वऱ्हाडात. दक्षिणेला देऊळगाव राजाची शीव ओलांडली की जालना, जाफराबाद. तो निजामाचा मुलूख. सोयरीक मात्र तिन्हीकडे. एकाच लग्नाच्या मांडवात तीन राजवटींचे वेठकरी जेवायला बसत आणि तिघांचे कायदे तीन ठिकाणी लिहिले जात.

वऱ्हाडची गोष्ट त्यातही विचित्र. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ च्या कराराने साल २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला. निजामाची मालकी, इंग्रजांची वहिवाट. त्यामुळे कायद्याच्या नजरेत वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे मतदार आपले सभासद निवडत, परंतु कागदावर गव्हर्नर त्यांची नेमणूक करी. फक्त वऱ्हाडापुरते विधेयक असले की ते वऱ्हाडच्या सभासदांच्या वेगळ्या समितीपुढे जाई. तिचे नाव 'बेरार लेजिस्लेटिव्ह कमिटी'. तिने पसंत केलेला मसुदा मग हिंदुस्थान सरकार अधिसूचना काढून लागू करी. वऱ्हाडच्या कित्येक जुन्या कायद्यांच्या नावात 'ॲक्ट' नसून 'लॉ' किंवा 'कोड' आढळते, ती या परकेपणाची खूण.

म्हणजे चिखली, मलकापूर, खामगाव, जळगाव आणि मेहकर या तेव्हाच्या पाच तालुक्यांच्या जमिनीचे आणि गावकीचे कायदे एका समितीच्या हाती होते. ती समिती कोणाची? मताचा हक्क साऱ्यावर आणि मालमत्तेवर होता. जो सारा भरतो तो मतदार, जो मतदार तो उमेदवार. म्हणून तेथे मालदार शेतकरी आणि वकील यांचाच भरणा. खळ्यावर पसाभर धान्यासाठी उभा राहणारा माणूस या हिशेबात कोठेच बसत नव्हता. त्याला विरोध करण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. विषयपत्रिकेवर नसणे ही विरोधापेक्षा मोठी शिक्षा आहे.

वऱ्हाडात आमची माणसे मुकी होती, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अमरावतीचे ग. आ. गवई हे कौन्सिलात होते, अखिल भारतीय पातळीवरच्या डिप्रेस्ड क्लासेस असोसिएशनचे चिटणीस होते, आणि १९३२ मध्ये राजा-मुंजे कराराच्या बाजूला उभे राहून त्यांनी बाबासाहेबांशी मतभेदही पत्करला. तो मार्ग चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. तरी वऱ्हाडात अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलणार यावर झगडा होण्याइतका आवाज होता, ही गोष्ट त्यावरून दिसते. पुणे करारात मध्यप्रांत-वऱ्हाडला २० राखीव जागा मिळाल्या, मुंबईला सिंध धरून १५.

पुढचा प्रसंग अधिक बोचरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बोदवड आणि मलकापूर आता एका राज्यात. १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. बाबासाहेबांनी तीस वर्षांपूर्वी मागितले त्याहून मोठे काम या कायद्याने केले. पण तो होता जुन्या मुंबई राज्याच्या भागापुरता. वऱ्हाडचे आमदार त्याच सभागृहात बसले होते. वऱ्हाडातील गावनोकरांचे नियम निराळ्या कायद्याखाली होते, हे कारण खरे. पण निराळ्या कायद्याखालची वेठ निराळी असते काय?

अस्पृश्यतेच्या नावाखाली करून घेतल्या जाणाऱ्या वेठीला गुन्हा ठरवणारे, साऱ्या देशाला लागू पडणारे कलम यायला १९७६ उजाडले. त्यामागेही समित्यांचीच साखळी आहे. १९६५ मध्ये इलयापेरुमल समिती नेमली गेली आणि १९६९ मध्ये तिचा अहवाल आला. एरवी सरकारी अहवाल कपाटात जातो. हा अहवाल तरुणांच्या हाती पडला आणि १९७२ च्या पँथरच्या उठावाला त्यातील अत्याचारांच्या नोंदींनी दारूगोळा पुरवला. त्याच वर्षी अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याचे दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले आणि संयुक्त समितीकडे गेले. ते विधेयक संसदेत रेंगाळत असतानाच, १९७४ मध्ये, बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील ढाकळी गावात दोन भावांचे डोळे काढण्यात आले. दिल्लीत अस्पृश्यतेच्या शिक्षेत किती महिने असावेत याचा खल चालू होता आणि वऱ्हाडात हे घडत होते.

अखेर कायदा मंजूर झाला, त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले आणि १९ नोव्हेंबर १९७६ पासून तो लागू झाला. तोही आणीबाणीत, अर्धा विरोधी पक्ष तुरुंगात असताना. त्यातील ७-अ हे कलम काढून वाचावे. अस्पृश्यतेच्या नावाखाली झाडूकाम करायला लावणे, मेलेले जनावर ओढायला किंवा सोलायला लावणे, नाळ उचलायला लावणे हा गुन्हा. शिक्षा तीन ते सहा महिने आणि दंड. १९२८ च्या भाषणात जो जुलूम सांगितला होता त्याची ही अठ्ठेचाळीस वर्षांनंतरची पोच. ती मात्र बोदवडला आणि मलकापूरला एकाच दिवशी पोचली.

याच काळातली दुसरी हकिकत जातींच्या याद्यांची. अनुसूचित जातींच्या याद्या प्रदेशवार होत्या. एका भागात अनुसूचित असलेली जात त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात तशी नसे. लहान जातींच्या मुलाला जिल्हा बदलला की दाखला मिळेना. या याद्या सुधारण्याचे विधेयक १९६७ मध्ये आले, अनिल चंदा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित होताच सगळे बुडाले. राज्यांतर्गत क्षेत्रबंधन उठले ते १९७६ च्या कायद्याने. त्या बुडालेल्या वर्षांत शिष्यवृत्तीवाचून ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांचा हिशेब कोणत्याही समितीने मागितलेला नाही. बौद्धांना तर केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले.

१९७७ मध्ये बुलढाणा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि रिपब्लिकन पक्षाचे दौलत गुणाजी गवई निवडून गेले. साक्षीदाराच्या खुर्चीतून समितीच्या टेबलाकडे जाण्याची ही वाट होती. २००९ पासून हा मतदारसंघ खुला आहे.

म्हणून साक्षीचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा झाला. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रवर समिती तज्ज्ञांची आणि विधेयकाने ज्यांचे हितसंबंध बाधित होतात त्यांच्या प्रतिनिधींची साक्ष 'घेऊ शकते'. घेतलीच पाहिजे, असे बंधन नाही. अगदी अलीकडे, महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. १२ हजार कागद आले म्हणजे १२ हजार माणसे ऐकली गेली, असे होत नाही. लेखी हरकत टपालाने जाते. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर नोंदवावे लागते. आपल्या संघटनांनी हरकत पाठवतानाच तोंडी साक्षीची मागणी लेखी करावी, ती नाकारली तर नकारही लेखी मागावा, आणि समितीने मुंबई-नागपूर सोडून मेहकरला किंवा मलकापूरला एक दिवस बसावे यासाठी आपल्या आमदाराच्या दाराशी जाऊन बसावे.