बाझलची पंगत

बँकेजवळ स्वतःचे भांडवल किती असावे, हा विषय चळवळीतल्या वाचकाला परका वाटेल. पण पत कोणाला स्वस्त आणि कोणाला महाग, हे त्या आकड्यांतूनही ठरत असते.

जून १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीतील हेरश्टाट बँक बुडाली. फटका परदेशी बँकांनाही बसला. त्याच वर्षअखेर श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे एक समिती नेमली. तिच्या हाती कायद्याची सत्ता नाही, तरी तिचा शब्द जगभर चालतो. १९८८ साली तिने ठरविले की कर्जांना धोक्यानुसार वजन द्यावे आणि त्या बेरजेच्या किमान ८ टक्के भांडवल राखावे. वजन कसे? श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेतील सरकारांना शून्य. तेथल्या बँकांना २० टक्के. संघटनेबाहेरच्या बँकेला वर्षाहून अधिक मुदतीचे कर्ज दिल्यास १००, मुदत त्याच्या आतली असल्यास पुन्हा २०. घर तारण ठेवणाऱ्याला ५०, तारणच नसलेल्याला १००. म्हणजे ऋणको वागतो कसा, यापेक्षा तो कोणत्या घरचा हे आधी पाहायचे! हे गणित आपल्याला बाझलहून शिकावे लागत नाही. बाहेरच्या देशांना आखूड मुदतीचा पैसा देणे त्यामुळे सोयीचे झाले आणि १९९७ मध्ये आशियातून तो पाहता पाहता निघून गेला. (दक्षिण कोरिया १९९६ च्या डिसेंबरातच ओईसीडीत शिरला होता. ते सोवळेही कामी आले नाही.)

२००४ च्या दुसऱ्या नियमावलीने तर मोठ्या बँकांना आपला धोका आपल्याच सूत्रांनी मोजण्याची मुभा दिली. सावकाराने आपलीच वही आपणच तपासावी, तसे हे. जॉर्जटाउन विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक डॅनियल टरुलो यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर कडक टीका केली. त्याच वर्षी लेहमन ब्रदर्स कोसळली. जानेवारी २००९ मध्ये टरुलो अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या नियामक मंडळावर गेले आणि २०१७ पर्यंत राहिले. २०१० च्या तिसऱ्या नियमावलीत धोक्याचे वजन न पाहणारे साधे प्रमाणही आले. बँकांची स्वतःची सूत्रे मात्र टिकली. ती टाकून देण्याचा विचार करावा, असे टरुलो यांना २०१४ मध्येही जाहीरपणे म्हणावे लागले.

भारताने नरसिंहम समितीनंतर, १९९२ पासून, हे ८ टक्के स्वीकारले. बाझलच्या समितीत त्याला जागा मिळाली २००९ मध्ये. मधली सतरा वर्षे आपण वाढलेले मुकाट्याने घेत होतो. पंगतीत आपले पान नव्हते.