देवळात जायचं की नाही, आणि जायचं तर कुठल्या?

पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. पुण्यात नोकरी लागून तिला आठ महिने झाले. म्हणाली, "मामा, मी इथे कुठल्याच चर्चला जात नाहीये. आईला सांगू नकोस."

मी विचारलं, का गं? तर तिने यादीच वाचली. पहिल्यांदा एका जुन्या दगडी चर्चला गेली. सुंदर इमारत, इंग्लिश उपासना, आणि दीड तासात एक माणूस तिच्याशी बोललं नाही. मग एका मराठी मंडळीत गेली. तिथे बोलले, भरपूर बोलले, पण पहिला प्रश्न "कुठल्या गावच्या?" आणि दुसरा "आडनाव काय?" हा दुसरा प्रश्न का विचारतात हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्यांदा मैत्रिणीबरोबर एका हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला गेली. ड्रम, गिटार, सगळे तिच्या वयाचे. मन लागलं. तिसऱ्या रविवारी पास्टरने दशांशाचं सांगितलं आणि वर हेही, की तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा धरता येत नाही, पाण्यात उतरून पुन्हा घ्यावा लागेल. ती घरी येऊन रडली. तिचा बाप्तिस्मा माझ्या आजीच्या मांडीवर झालेला.

"मग मामा, घरीच बायबल वाचलं आणि प्रार्थना केली तर काय बिघडतं?"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेलो नाही. जुनी पुस्तकं आणि जुन्या नोंदी चाळायचा नाद आहे एवढंच. नंतर तिला जे लिहून पाठवलं तेच थोडं वाढवून इथे टाकतोय, कारण हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. नगरच्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये रविवारी जाऊन बाकं मोजा.

आधी एक गैरसमज. आपल्या आजोबा-पणजोबांनी चर्च "निवडलं" असं आपल्याला वाटतं. कसलं निवडलं! अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१च्या डिसेंबरात नगरला पोचलं आणि १८३३ला इथे मंडळी स्थापन झाली. हे लोक काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप न मानणारे. मंडळीने आपला कारभार आपण बघावा असं म्हणणारे. कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन, नाशिकला इंग्लंडचं सीएमएस, पुण्याला आणि नागपूरला स्कॉटिश. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसात इलाखे वाटून घेतले होते. एकाने दुसऱ्याच्या शेतात पेरायचं नाही असा संकेत. त्यामुळे तुमचं गाव कुठल्या साहेबाच्या घोड्याच्या टप्प्यात येतं यावर तुमचा पंथ ठरायचा. माझे पणजोबा काँग्रिगेशनल झाले ते बोस्टनचे वाद वाचून नव्हे, आणि नाशिकचा माणूस अँग्लिकन झाला तोही कँटरबरीच्या ओढीने नव्हे.

संकेत पाळला गेला असंही नाही. नगर जिल्ह्यात पुढे अँग्लिकनांचं एसपीजी मिशन आलं, केंदळ-संगमनेरकडे जेझुइट फादर आले, मुक्तिफौज आली. काही गावांत दोन-दोन, तीन-तीन देवळं झाली. माझ्या आजोळच्या गावात दोन होती, दोन्ही पत्र्याची, मध्ये एक ओढा. एकात एका जातीचे, दुसऱ्यात दुसऱ्या जातीचे. विचारलं तर दोन्हीकडचे सांगायचे की आमचं मिशन वेगळं. ओढ्याला पाणी नसलं तरी कुणी पलीकडे जायचं नाही. भाचीला पुण्यात आडनाव विचारलं गेलं, त्याची मुळं त्या ओढ्यात आहेत.

आता निवडणाऱ्यांकडे येतो. असे लोक थोडे, पण त्यांनी खरोखर विचार केला.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडात वाँटेज इथे झाला, अँग्लिकन चर्चमध्ये. मुलगी मनोरमाचाही झाला. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना आसरा दिला होता, शिकवलं होतं, उपकार मोठे होते. तरी पुढच्या दोन वर्षांत रमाबाईंची आणि सिस्टर जेराल्डीनची जी पत्रापत्री झाली ती वाचण्यासारखी आहे. चर्च सांगतं ते सगळं मान्य कर, असा आग्रह एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रमाबाई विचारतात की हे बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा. त्रैक्याच्या मतावर वाद, क्रीडवर वाद. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, यावरसुद्धा वाद. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं. त्यावर तर त्या चांगल्याच चिडल्या. एका पत्रात त्यांनी साफ लिहिलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही. (मला हे वाक्य तरुणपणी फार आवडायचं, चर्चच्या मीटिंगला न जाण्यासाठी मी ते वापरायचो.)

पण पुढे त्यांनी काय केलं ते बघा. जोखड नको म्हणणारी ही बाई घरात एकटी बायबल वाचत बसली नाही. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणि विधवा शेकड्यांनी आणल्या, आणि तिथे मोठं देऊळ बांधलं. कुठल्याही एका पंथाचं नाही, पण देऊळच. रोजची प्रार्थना, रविवारची उपासना, एकत्र जेवण. शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घातली, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या त्याच्या थोडं आधी ते काम हातावेगळं झालं होतं. पंथ नाकारला, मंडळी नाकारली नाही.

दुसरे आपले टिळक. नारायण वामन. हे नगरचेच म्हटले पाहिजेत, जन्म कोकणातला असला तरी. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. घरात काय झालं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहेच. नवरा ख्रिस्ती, बायको नाही, आधी दुरावा आणि मग एकत्र राहूनही धर्म वेगळे. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं त्यांनी लोकांना पारखून घेतलं असं मला वाचताना वाटतं. प्रवचनांपेक्षा माणसं पारखली.

टिळकांनी वीसेक वर्षं अमेरिकन मिशनमध्ये काम केलं. शिकवलं, 'ज्ञानोदया'त लिहिलं, गीतं रचली, कीर्तनं केली. आणि १९१७ साली पगार सोडला. वय पंचावन्न. आजच्या भाषेत, रिटायरमेंट तोंडावर असताना राजीनामा. साताऱ्याला गेले, संन्यासी म्हणून राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य चालणार होते. मिशनचा पगार घेऊन सांगितलेला ख्रिस्त आपल्या लोकांना परदेशी वाटतो, ही त्यांची तळमळ होती. त्यांनी मंडळीला शिव्या देऊन दार आपटलं नाही. पण चर्चची भिंत आहे तिथेच ख्रिस्ताची माणसं संपतात का, हा प्रश्न त्यांनी विचारला.

९ मे १९१९ला ते वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली आणि त्यांच्यामागे तो फार टिकला नाही. याचं कारण उघड आहे. दरबाराला टिळक होते. पण ते नसताना रविवारी दार कोण उघडणार, आजाऱ्याला कोण भेटणार, मयताला खांदा कोण देणार, याची घडी बसायला सवड मिळाली नाही. आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणा, त्यांची गीतं आज आपल्याला पाठ आहेत ती दरबारामुळे नाहीत. ज्या रटाळ, कारकुनी मंडळ्यांच्या पलीकडे त्यांना जायचं होतं, त्यांनीच 'उपासना संगीत'मधून ती शंभर वर्षं दर रविवारी गायली म्हणून. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, तिला टिळकांची तीसेक गीतं येत होती. पुस्तकातून नव्हे, बाकावरून.

मग २९ नोव्हेंबर १९७०. नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. नाशिकचे अँग्लिकन आणि नगरचे काँग्रिगेशनल (ते १९२४पासूनच प्रेसबिटेरियनांबरोबर एकत्र होते) एका छत्राखाली आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. बिशप न मानणाऱ्यांच्या नातवांना बिशप मिळाला! जुने लोक कुरकुरले. त्यानंतर मालमत्तेचे वाद आणि कोर्टकचेऱ्या किती झाल्या हे इथले वाचक जाणतात, मी नावं घेत नाही. एवढंच सांगतो, की तरुण पोरं देऊळ सोडतात तेव्हा आपण मोबाईलला दोष देतो. मीटिंगमध्ये जमिनीवरून झालेली आरडाओरड त्यांनी लहानपणी ऐकलेली असते.

चर्चला न जाणाऱ्यांची अजून एक जात आहे, तिच्याबद्दल आपण कुजबुजतच बोलतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना राहिला. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २००७ला रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हटलं, २०२२ला बालकृष्णन आयोग नेमला गेला. यादरम्यान काय झालं, तर पोराची फी आणि दाखला वाचवायला कितीतरी माणसं बाप्तिस्मा न घेता मागच्या बाकावर बसतात, किंवा येतच नाहीत. त्यांना भेकड म्हणणाऱ्या पाळकांना मी विचारतो, तुमच्या मुलांची फी कोण भरतं? टिळकांच्या दरबारात ही माणसं उजळ माथ्याने बसली असती.

तर भाचीला मी काय लिहिलं. इब्री लोकांस पत्रात १०:२५ला एकत्र जमणं सोडू नका असं आहे, म्हणजे तेव्हासुद्धा काही जण सोडत होते, तू पहिली नाहीस. साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला ख्रिस्ती लोकांबद्दल कळवलं, की हे ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात, गीत म्हणतात, आणि नंतर पुन्हा जमून साधं जेवण घेतात. पंथ, बिशप, इमारत यातलं काही त्याच्या नजरेत भरलं नाही. भरलं ते जमणं. घरी बायबल वाचलंस तर देव रागावणार नाही. पण तापाने पडलीस तर पेज कोण आणेल?

आणि कुठलं चर्च, याला माझ्याकडे दोनच चाळण्या आहेत. पहिली, तिथे प्रश्न विचारता येतात का. रमाबाईंनी विचारले तसे. दुसरी, तुझ्याहून गरीब आणि तुझ्याहून म्हातारी माणसं तिथे आहेत का, आणि त्यांना कुठे बसवतात. संगीत, इंग्लिश-मराठी, पाणी शिंपडायचं की बुडवायचं, हे नंतर बघ. तुझा बाप्तिस्मा झालेला आहे. पणजीच्या मांडीवर झालाय, तो पुन्हा करायची गरज मला तरी दिसत नाही.

परवा तिचा मेसेज आला. चौथ्या ठिकाणी गेली होती, हडपसरकडे कुठेतरी, एका शाळेच्या खोलीत भरते ती मंडळी. "मामा, इथेही आडनाव विचारलं."

मी लिहिलं, मग?

"मी सांगितलं. त्या काकू म्हणाल्या, बरं, जेवून जा, आज आमच्याकडे स्वयंपाकाची पाळी आहे. भाकरी करपलेली होती."

पुढच्या रविवारी जाणार का, ते मी विचारलेलं नाही.